गाळाची साक्ष : समुद्रतळ सांगतो किनाऱ्याच्या प्रदूषणाचा इतिहास

विशेष प्रतिनिधी

जपानमधील मिनामाता या किनारी शहरात २४ डिसेंबर १९५९ रोजी एक समारंभ झाला. तेथील चिस्सो या रसायन कंपनीने कारखान्यातील सांडपाण्यासाठी नवे शुद्धीकरण यंत्र बसवले होते. पाणी आता निर्धोक झाले आहे, हे लोकांना पटवून देण्यासाठी कंपनीच्या अध्यक्षांनी त्या यंत्रातून आल्याचे सांगितलेले पाणी पेलाभर पिऊन दाखवले. ज्या विभागातून पारा बाहेर पडत होता, त्याचे सांडपाणी त्या वेळी या यंत्रातून जातच नव्हते आणि सेंद्रिय पारा काढून टाकण्याची यंत्राची क्षमताही नव्हती, हे पुढे उघड झाले. मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीपासून कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी मिनामाता उपसागरातील मासे, शिंपले आणि तळाचा गाळ तपासण्यास घेतला होता. कारखान्याच्या सांडपाण्याच्या मुखाशी असलेल्या गाळात टनामागे सुमारे दोन किलो पारा आढळला. पेल्यातल्या पाण्याने जे झाकले, ते तळाच्या गाळाने उघडे केले.

औद्योगिक प्रदूषणाचा माग काढण्यासाठी समुद्रातील गाळाचा उपयोग कसा होतो, त्याची साक्ष कितपत ग्राह्य मानावी आणि तिचा आपल्या किनाऱ्याशी काय संबंध आहे, याचा हा आढावा.

पाणी वाहते, गाळ राहतो

खाडीच्या पाण्याचा नमुना हे एका क्षणाचे चित्र असते. भरतीला समुद्राचे स्वच्छ पाणी आत येते, ओहोटीला घाण बाहेर ओढली जाते. पावसाळ्यात नदीचा लोंढा सारे पातळ करून टाकतो. कारखान्याने रात्री सोडलेले सांडपाणी सकाळी नमुना घेणाऱ्याच्या बाटलीत सापडेलच, याची शाश्वती नसते. शिवाय खाऱ्या पाण्यात विरघळलेल्या धातूंचे प्रमाण इतके अल्प असते की ते अचूक मोजणे हेच अवघड काम ठरते.

गाळाचे तसे नाही. पारा, शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे, क्रोमियम यांसारखे धातू पाण्यात फार काळ मोकळे राहत नाहीत. मातीचे अतिसूक्ष्म कण, कुजलेले सेंद्रिय द्रव्य, लोह आणि मँगनीज यांची ऑक्साइडे यांना ते चिकटतात. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे मिळते, तेथे क्षारांमुळे हे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तळाच्या चिखलात प्राणवायू नसेल, तर तेथे तयार होणाऱ्या सल्फाइडांशी धातूंचा संयोग होतो व ते तेथेच बांधले जातात. डीडीटी, पीसीबी यांसारखी पाण्यात न विरघळणारी रसायनेही अशीच कणांवर स्वार होऊन तळ गाठतात. परिणामी, पाण्यात जे दिसत नाही ते गाळात हजारो पटींनी साठलेले आढळते.

वर्षामागून वर्षे हे कण थरावर थर रचत जातात. सर्वांत वर आजचा थर, त्याखाली दहा वर्षांपूर्वीचा, आणखी खाली आजोबांच्या काळातला. कारखाना सुरू झाला तो काळ, उत्पादन वाढले तो काळ, सांडपाण्यावर निर्बंध आले तो काळ, या साऱ्यांच्या नोंदी त्या थरांत राहतात. कार्यालयातील दप्तर हरवू शकते वा बदलता येते. समुद्रतळाचे दप्तर कोणा एकाच्या ताब्यात नसते.

मिनामाताचा धडा

गाळाच्या साक्षीचे महत्त्व जगाला पहिल्यांदा पटले ते मिनामातामुळे. क्यूशू बेटावरील या शहरात चिस्सोच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड या रसायनाचे उत्पादन होत असे. त्यासाठी उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचे संयुग वापरले जाई. या प्रक्रियेत मिथाइल पारा हे अत्यंत विषारी उपउत्पादन तयार होई आणि ते सांडपाण्याबरोबर ह्याक्केन बंदरामार्गे उपसागरात जाई. तेथील मांजरे झिंगल्यासारखी नाचत मरू लागली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या अनोळखी आजाराची माहिती आरोग्य विभागाला कळवली. मिनामाता विकाराची अधिकृत नोंद झाली ती या दिवशी.

मासे व शिंपले खाल्ल्याने कोणत्या तरी जड धातूची बाधा होत असावी, हा अंदाज त्याच वर्षी पुढे आला. परंतु धातू कोणता? मँगनीज, सेलेनियम, थॅलियम अशा अनेकांवर संशय घेण्यात आला. कारखाना काय वापरतो आणि काय बाहेर सोडतो, याची माहिती संशोधकांना सहजासहजी मिळत नव्हती. रुग्णांची लक्षणे सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेशी जुळतात हे ध्यानात आल्यानंतर १९५९ मध्ये उपसागरातील पाऱ्याचा नकाशा तयार करण्यात आला. सांडपाण्याच्या मुखाशी गाळातील पाऱ्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे दोन हजार भाग, म्हणजेच शास्त्रज्ञांच्या भाषेत दोन हजार पीपीएम होते. तेथून समुद्राकडे जावे तसे ते कमी होत गेले होते. शेल जातीच्या खडकांत पारा सरासरी ०.४ पीपीएम असतो, असे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली व आजही वापरली जाणारी एक सारणी सांगते. म्हणजे मुखाशी असलेला गाळ नैसर्गिक पातळीच्या पाच हजार पट पारा बाळगून होता. हा पारा पुढे कंपनीने गाळातून काढून विकलाही, यावरून त्या साठ्याची कल्पना यावी.

या नकाशात दोन गोष्टी होत्या. पहिली, विष कोणते. दुसरी, ते कोठून आले. समुद्रात कोठेही पारा सापडला असता, तर त्याचे खापर युद्धकाळातील स्फोटकांवर वा निसर्गावर फोडता आले असते. परंतु प्रमाण एका नळाच्या तोंडाशी सर्वाधिक आणि तेथून दूर जाताना घटते, या चित्राला दुसरा अर्थ लावणे कठीण होते. तरीही शासनाने कारखान्याचा पारा हेच कारण असल्याचे अधिकृतपणे मान्य केले ते २६ सप्टेंबर १९६८ रोजी, म्हणजे कारखान्यातील ती उत्पादन प्रक्रिया बंद झाल्यावर चार महिन्यांनी. गाळाची साक्ष नोंदली गेल्यानंतरही तब्बल नऊ वर्षे सांडपाणी सुरू राहिले. अधिकृतपणे रुग्ण म्हणून मान्यता मिळालेल्यांची संख्या पुढे २,२०० हून अधिक झाली. त्यापलीकडे मान्यतेसाठी झगडणारे हजारो निराळेच.

नमुना कसा घेतात?

वरवरचा गाळ घ्यायचा असेल तर काम सोपे असते. जबड्यासारखे मिटणारे पोलादी यंत्र दोरखंडाला बांधून तळाशी सोडले जाते. तळाला टेकताच ते मिटते आणि ओंजळभर चिखल घेऊन वर येते. एका खाडीत अशी पन्नास ठिकाणे तपासली की आजचे प्रदूषण कोठे अधिक, कोठे कमी याचा नकाशा तयार होतो.

इतिहास हवा असेल, तर मात्र उभा स्तंभ लागतो. त्यासाठी एक पोकळ नळी वजनाच्या जोरावर तळात रुतवली जाते आणि आतील गाळ थर न मोडता तसाच वर काढला जातो. नंतर प्रयोगशाळेत त्या स्तंभाचे एक-एक, दोन-दोन सेंटिमीटरचे काप करतात. धातूंसाठीचा नमुना धातूच्या सुरीने कापत नाहीत, तर प्लास्टिकच्या पट्टीने कापतात. कीटकनाशकांसारख्या सेंद्रिय रसायनांसाठीचा नमुना याउलट प्लास्टिकपासून दूर ठेवतात. नळीच्या भिंतीला घासलेला भाग काढून टाकतात, कारण तेथे वरचा गाळ खाली ओढला गेलेला असतो. प्रत्येक काप सुकवून, आम्लात विरघळवून त्यातील धातू मोजले जातात.

थरांचे वय कसे ठरवतात?

अमुक थरात पारा वाढला, एवढे कळून भागत नाही. तो थर कोणत्या वर्षीचा, हे सांगता आले तरच कारखान्याच्या इतिहासाशी त्याची सांगड घालता येते. यासाठी निसर्गाने एक घड्याळ दिले आहे. जमिनीतील युरेनियमच्या ऱ्हासातून रेडॉन वायू तयार होतो, तो हवेत मिसळतो आणि त्यातून शिसे-२१० हा किरणोत्सारी समस्थानिक निर्माण होतो. पाऊस आणि धुळीबरोबर तो समुद्रात उतरून गाळात गाडला जातो. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचे आहे. म्हणजे २२ वर्षांनी तो निम्मा उरतो, ४४ वर्षांनी चौथाई. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा काळ मोजण्यास, म्हणजे नेमका औद्योगिक युगाचा हिशेब मांडण्यास, हे घड्याळ सोयीचे पडते. तळ्यांच्या गाळाचे वय या पद्धतीने ठरवण्याचे पायाभूत काम १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल यांचा प्रमुख वाटा होता. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सँटा बार्बारा खोऱ्याच्या समुद्री गाळावर ही पद्धत वापरली गेली.

एक उदाहरण घेऊ. समजा, २०२३ मध्ये काढलेल्या स्तंभात २० सेंटिमीटर खोलीवर हवेतून आलेले शिसे-२१० पृष्ठभागाच्या चौथाई आढळले. तेव्हा तो थर सुमारे ४४ वर्षांपूर्वीचा आणि गाळ साचण्याचा वेग वर्षाला सुमारे साडेचार मिलिमीटर. आता हा हिशेब दुसऱ्या साक्षीदाराकडून पडताळायचा. अणुबॉम्बच्या वातावरणातील चाचण्यांमुळे सीझियम-१३७ हा मानवनिर्मित समस्थानिक जगभर पसरला आणि १९६३ च्या सुमारास त्याचे प्रमाण शिगेला पोहोचले. त्या वर्षी आंशिक अणुचाचणीबंदी करार झाला व ते उतरू लागले. आपला हिशेब बरोबर असेल, तर ६० वर्षांपूर्वीचे हे शिखर सुमारे २७ सेंटिमीटर खोलीवर सापडले पाहिजे. सापडले, तर तारीख पक्की. उष्ण कटिबंधातील समुद्रात मात्र हे शिखर पुसट असते, कारण येथे चाचण्यांची धूळ उत्तर गोलार्धाच्या मध्य भागापेक्षा कमी पडली. सीझियम खाऱ्या पाण्यात सहज विरघळलेला राहतो आणि १९६३ चा साठा आता ऱ्हासामुळे चौथाईवर आला आहे, ही आणखी दोन कारणे.

दोष निसर्गाचा की कारखान्याचा?

गाळात धातू सापडला म्हणजे प्रदूषण झाले, असे म्हणता येत नाही. प्रत्येक धातू खडकांत निसर्गतःच असतो. पहिला प्रश्न असतो : येथे मुळात किती होता? जगभरातील संशोधक तुलनेसाठी शेल खडकांची सरासरी वापरतात. त्यात तांबे ४५, जस्त ९५, शिसे २० पीपीएम धरले जाते. परंतु मुंबई आणि कोकणचा बराचसा किनारा हा दख्खनच्या काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकात लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम यांचे प्रमाण अधिक असते. तांबे तर शेलच्या सरासरीच्या दुपटीहूनही अधिक आढळते. सह्याद्रीतून झिजून आलेला शुद्ध, निष्कलंक गाळही जागतिक सरासरीशी ताडला, तर तांब्याने दूषित ठरेल. म्हणून त्याच खाडीतील कारखान्यांपूर्वीचा खोल थर हाच खरा मापदंड मानावा लागतो.

दुसरी अडचण कणांच्या आकाराची. धातू सूक्ष्म चिखलाला चिकटतात, वाळूला नव्हे. त्यामुळे स्वच्छ खाडीतला चिखल आणि प्रदूषित खाडीतली वाळू यांची थेट तुलना केली, तर उलटाच निष्कर्ष निघू शकतो. यावर दोन उपाय आहेत. एक, ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक चाळणीतून गेलेला भागच तपासायचा. दुसरा, प्रत्येक धातूचे ॲल्युमिनियमशी प्रमाण काढायचे, कारण चिकणमातीचा मुख्य घटक ॲल्युमिनियम असतो आणि प्रदूषणाने त्याच्या साठ्यात फारसा फरक पडत नाही.

समजा, जुन्या थरात ॲल्युमिनियम आठ टक्के व जस्त ८० पीपीएम आहे. वरच्या थरात ॲल्युमिनियम चार टक्के व जस्त पुन्हा ८० पीपीएमच. वरवर पाहता काहीच बदल नाही. पण एक टक्का ॲल्युमिनियममागे जस्त आधी दहा होते, आता वीस आहे. वरच्या थरात वाळू अधिक असल्याने चिखल निम्मा झाला, तरीही जस्त तेवढेच राहिले. याचा अर्थ ते बाहेरून आले. या गुणोत्तराला समृद्धी गुणांक म्हणतात आणि येथे तो दोन आहे. प्रदूषणासंबंधीचा कोणताही अहवाल हाती आला, तर हा हिशेब केला आहे की नाही हे आधी पाहावे.

धातूच्या अंगावरचे ठसे

एकाच खाडीत दहा कारखाने, दोन महामार्ग आणि शहराचे सांडपाणी येत असेल, तर कोणाचा वाटा किती, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी रसायनांच्या अंगावरचे ठसे तपासले जातात. शिशाचे उदाहरण बोलके आहे. शिशाच्या २०६, २०७ आणि २०८ या समस्थानिकांचे परस्पर प्रमाण ते ज्या खनिजातून आले त्या खाणीच्या भूगर्भीय वयानुसार बदलते. भट्टीत वितळवल्याने, पेट्रोलमध्ये मिसळल्याने वा रंगात घातल्याने ते बदलत नाही. त्यामुळे स्थानिक खडकातील शिसे आणि परदेशी खाणीतून आलेल्या धातूपासून बनलेले पेट्रोलमधील शिसे गाळात वेगवेगळे ओळखू येते. शास्त्रज्ञ टी. जे. चाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील गाळात शिशाच्या वाढीची अशी नोंद प्रसिद्ध केली होती. पेट्रोलमधील शिशावर बंदी आल्यानंतर अनेक देशांच्या किनारी गाळात शिसे उतरणीला लागलेले दिसते. भारतात शिसेविरहित पेट्रोल २००० सालापासून देशभर लागू झाले. जगात शेवटच्या देशाने शिसेयुक्त पेट्रोल बंद केले ते २०२१ मध्ये.

इतर ठसेही आहेत. मानवी विष्ठेतून येणारा कोप्रोस्टॅनॉल हा घटक गटारांचा पुरावा देतो. जहाजांच्या बुडाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी वापरल्या जाणाऱ्या रंगातील ट्रायब्युटिल टिन हे रसायन गोद्या आणि जहाजदुरुस्तीच्या जागा दाखवते. तेल सांडले की जाळले, हे बहुचक्रीय हायड्रोकार्बनांच्या परस्पर प्रमाणांवरून ओळखता येते.

साक्षीची उलटतपासणी

कोणताही साक्षीदार उलटतपासणीशिवाय सोडू नये. गाळाच्या बाबतीतही काही सावधानता पाळावी लागते. तळात राहणारे किडे, खेकडे, शिंपले माती उकरून जुने-नवे थर एकत्र कालवतात. १९७० चा पारा मग १९५० च्या थरात सापडू शकतो आणि प्रदूषण प्रत्यक्षापेक्षा आधी सुरू झाल्याचा भास होतो. सँटा बार्बारा खोरे या अभ्यासासाठी आदर्श मानले जाते ते याच कारणाने. तेथे तळाशी प्राणवायू फार कमी असल्याने उकरणारे जीव नाहीत आणि वर्षावर्षाचे थर अखंड राहिले आहेत. उलट उथळ, भरती-ओहोटीने ढवळल्या जाणाऱ्या, मासेमारीच्या जाळ्यांनी खरवडल्या जाणाऱ्या वा बंदरासाठी उपसलेल्या खाडीत कित्येक पाने फाटलेली असतात.

काही धातू गाडले गेल्यावरही स्थिर बसत नाहीत. मँगनीज खोल, प्राणवायूविरहित थरात विरघळते, वर चढते आणि पृष्ठभागाजवळ पुन्हा घट्ट होते. तेथे दिसणारे त्याचे शिखर अलीकडच्या प्रदूषणाचे वाटते, पण ते रसायनशास्त्राचा खेळ असते. तसेच धातूचे एकूण प्रमाण म्हणजे धोक्याचे प्रमाण नव्हे. खडकाच्या स्फटिकात कैद असलेले क्रोमियम माशाच्या पोटात जात नाही; कणांवर सैल चिकटलेले कॅडमियम जाऊ शकते. म्हणून हल्ली सौम्य ते तीव्र अशा रसायनांनी टप्प्याटप्प्याने धातू सोडवून पाहिले जातात.

उपसावा की राहू द्यावा?

गाळ हा पुरावा असतो, तसाच तो विषाचा साठाही असतो. त्याचे पुढे काय करायचे, यावर जगाने निरनिराळी उत्तरे दिली आहेत. मिनामातात १९७७ पासून १९९० पर्यंत २५ पीपीएमपेक्षा अधिक पारा असलेला गाळ हटवण्याचे व गाडण्याचे काम चालले. सुमारे १५ लाख घनमीटर गाळावर ही उपाययोजना झाली, ५८ हेक्टर नवी जमीन त्यावर उभी राहिली आणि सुमारे ४८.५ अब्ज येन खर्च झाला. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडाशी लावलेली जाळी काढली गेली ती १९९७ मध्ये. ज्या जमिनीवर आज उद्यान आहे, तिच्या पोटात तो पारा आहेच.

कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसजवळच्या पालोस व्हर्देस येथे वेगळा मार्ग निवडावा लागला. १९४७ पासून डीडीटी बनवणाऱ्या एका कारखान्याचे सांडपाणी तेथे १९७१ पर्यंत शहराच्या मलवाहिनीतून समुद्रात जात होते. सुमारे ४४ चौरस किलोमीटर तळावर अंदाजे ११० टन डीडीटी पसरल्याचे अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने म्हटले आहे. सांडपाणी थांबल्यानंतर तुलनेने स्वच्छ गाळाचा थर वर बसला आणि सर्वाधिक विषारी थर खाली गाडला गेला. तो उकरला तर विष पुन्हा पाण्यात मिसळेल, न उकरावा तर प्रवाहाने उघडा पडण्याची भीती. म्हणून काही भाग स्वच्छ वाळूने झाकण्याचा प्रयोग २००० मध्ये करण्यात आला, आणि बाकी भर निरीक्षणावर व तेथील काही मासे न खाण्याच्या सूचनांवर राहिला. प्रदूषण करायला पंचवीस वर्षे पुरली. त्याची राखण करायला किती लागतील, याची मुदत कोणी सांगितलेली नाही.

आपल्या किनाऱ्यावर

मुंबईच्या पूर्वेची ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब, निमुळती आणि चिखलाने भरलेली आहे. गाळाचे दप्तर साठण्यास याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही. एका बाजूला १९५० च्या दशकात सुरू झालेले ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूला १९६० च्या दशकापासून उभा राहिलेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दोन्ही तीरांवरील शहरांचे सांडपाणी अशी तिची रचना आहे. ठाणे खाडीतील पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध १९८१ मध्येच प्रसिद्ध झाला. कल्याण-अंबरनाथ पट्ट्याचे सांडपाणी घेणाऱ्या उल्हास नदीच्या खाडीतील गाळातही पाऱ्याचे प्रमाण नैसर्गिक पातळीपेक्षा बरेच वाढल्याचे याच संस्थेच्या पुढील अभ्यासांनी दाखवले. कॉस्टिक सोडा बनवण्याची पाऱ्यावर आधारित जुनी पद्धत हा अशा प्रदूषणाचा देशभरातील एक मोठा स्रोत होता. ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २००३ च्या उद्योगविषयक सनदेत ठेवले. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध आणणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, त्याला नावच मिनामाताचे देण्यात आले आणि भारताने त्यास २०१८ मध्ये मान्यता दिली.

गोव्यात प्रश्न वेगळा आहे. मांडवी आणि झुआरी नद्यांच्या मुखाशी गाळात लोह व मँगनीज वाढल्याच्या नोंदी आहेत. त्यांचा संबंध खनिजाच्या खाणी, किनाऱ्यावरचे ढीग आणि खनिज वाहून नेणाऱ्या बार्जेस यांच्याशी लावला जातो. लाल जांभ्याच्या प्रदेशात लोह निसर्गतःच भरपूर असल्याने नैसर्गिक वाटा आणि खाणींचा वाटा वेगळा काढणे तेथे अधिक कसोटीचे ठरते. २०१२ मध्ये खाणकाम थांबल्यामुळे अभ्यासकांना आधीच्या आणि नंतरच्या थरांची तुलना करण्याची दुर्मीळ संधी मिळाली.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेक रासायनिक कारखाने गेल्या काही दशकांत बंद पडले. त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती आल्या. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेला. वर सारे बदलले, खालचा थर मात्र जागेवर आहे. रोहित पक्षी हाच चिखल चोचीने गाळून खाद्य मिळवतात. निवट्या, चिंबोऱ्या आणि कालवे याच चिखलात वाढतात व कोळीवाड्यांतून बाजारात येतात. बंदरांच्या वाटा खोल ठेवण्यासाठी गाळ सतत उपसावा लागतो, खाडीवर नवे पूल उभे राहतात. प्रत्येक वेळी कोणत्या काळाचे पान उकरले जात आहे आणि ते कोठे नेऊन टाकले जात आहे, हे आधी विचारले गेले पाहिजे. किनारी पाण्याच्या दर्जासाठी आपल्याकडे वापरानुसार वर्ग आणि निकष ठरलेले आहेत. गाळाचा धोका सांगताना मात्र आपले संशोधक बहुधा अमेरिकेत तयार झालेल्या मार्गदर्शक पातळ्यांचाच आधार घेतात. पाऱ्यासाठी या पातळ्या ०.१५ आणि ०.७१ पीपीएम अशा आहेत. पहिलीच्या खाली जीवसृष्टीला अपाय क्वचित, दुसरीच्या वर वारंवार. बेसाल्टच्या किनाऱ्याला स्वतःचे मापदंड हवेत, आणि त्यासाठी कारखान्यांपूर्वीचे थर अजून शाबूत आहेत तोवर ते वाचून ठेवायला हवेत. एकदा उपसलेला थर पुन्हा रचता येत नाही.

चौकट : गाळाचा अहवाल वाचताना

नमुना : केवळ वरचा गाळ तपासला असेल, तर आजचे चित्र मिळते. प्रदूषण केव्हा सुरू झाले, हे उभ्या स्तंभाशिवाय सांगता येत नाही.

पार्श्वभूमी पातळी : तुलना जागतिक सरासरीशी केली आहे की त्याच खाडीच्या जुन्या थराशी, हे पाहावे. दख्खनच्या किनाऱ्यावर या दोहोंत मोठा फरक पडतो.

समृद्धी गुणांक : ॲल्युमिनियमच्या तुलनेत धातू मूळ पातळीच्या किती पट झाला, हे सांगणारा आकडा. एकच्या आसपास असेल तर धातू नैसर्गिक समजावा.

भूसंचय निर्देशांक : जर्मन शास्त्रज्ञ ग. म्युलर यांनी १९६९ मध्ये मांडलेली श्रेणी. शून्य वा त्याखाली अप्रदूषित, पाचच्या वर अत्यंत प्रदूषित.

शिसे-२१० आणि सीझियम-१३७ : थरांचे वय सांगणारी दोन घड्याळे. दोन्ही जुळली तर तारखेवर भरवसा ठेवावा.

एकूण आणि उपलब्ध : गाळातील एकूण धातू आणि जिवांना मिळू शकणारा धातू या दोन भिन्न गोष्टी आहेत. अन्नसाखळीचा प्रश्न असेल, तर मासे व शिंपल्यांची तपासणीही सोबत असली पाहिजे.